एका पानाचा अर्ज

"ती पिशवी ठेव खाली. त्यातलं काहीएक लागणार नाही आज," तीन नंबरच्या खिडकीतून ताई म्हणाल्या.

इस्त्रीवाली बिचकलीच. अकरा वर्षं ती धान्याच्या कार्डासाठी या कचेरीत येत होती, पण असलं वाक्य तिच्या कानांवर पहिल्यांदाच पडत होतं. पिशवीत तिच्या घराची सगळी जंत्री होती. भाड्याच्या पावत्या, सासूच्या औषधांच्या चिठ्ठ्या, धाकट्याला सांभाळणाऱ्या म्हातारीनं अंगठा उठवून दिलेला कागद, नवरा ज्या गोदामात गाड्या भरायचा तिथल्या मुकादमाचं पत्र, आणि हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतल्या तिच्या स्वतःच्या पगाराच्या चिठ्ठ्या, महिनावार टाचणी लावलेल्या.

"लागणार नाही म्हणजे? कार्ड बंद झालं की काय ताई?"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस सकाळी सकाळी. बंद कशाला होईल! सोपं झालंय, सोपं." ताईंनी काचेखालून एक कागद सरकवला. "हे बघ. एक पान. नाव, पत्ता, खाणारी तोंडं किती, कामाला कुठं. खाली सही. संपलं."

इस्त्रीवालीनं कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागे कोरं होतं. तिनं पुन्हा पुढची बाजू पाहिली.

"आणि पगार कुठं लिहायचा?"

"लिहायचाच नाही. तो आमचं मशीन परस्पर तुमच्या हॉस्पिटलकडून घेणार. तुला ना झेरॉक्स, ना शिक्का, ना हेलपाटे."

"खरं सांगताय?"

"मग काय, चेष्टा करतेय? आणि हे कुणामुळे झालं विचार." ताईंना राहवेना. "मी सांगून आले वर. मोठ्या कचेरीत, सगळ्यांच्या तोंडावर."

इस्त्रीवाली एवढी मनापासून हसली की ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चढणारच. सव्वीस वर्षं त्या खुर्चीत बसून त्यांनी दुसरं कमावलं काय होतं? चष्म्याचा नंबर आणि मानेचं दुखणं.

जुना अर्ज चौदा पानांचा होता. तो ज्यानं कुणी तयार केला त्याच्या घरी कधी कुणी उपाशी झोपलं नसणार, एवढं नक्की. पान सहावर घरभाडं वजा करायचं, पान सातवर मूल सांभाळायचा खर्च, पान नऊवर औषधपाणी, आणि पान अकरावर हे सगळं पुन्हा एकदा, वेगळ्या चौकटीत. एक चौकट रिकामी राहिली की अर्ज परत. दोन नंबरच्या खिडकीतले गृहस्थ तर अर्ज परत करताना मान वर करण्याचेही कष्ट घेत नसत. 'अपूर्ण. पुढचा.' एवढंच बोलायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त लाकडाचा होता. ताईंचं तसं नव्हतं. त्या खिडकीतून हात बाहेर काढून पेन फिरवायच्या, चुकलेली चौकट दाखवायच्या, अधूनमधून चार शिव्याही द्यायच्या. म्हणून तीन नंबरची रांग नेहमी जिन्यापर्यंत जायची, आणि दोन नंबरवाले निवांत नखं कापत बसायचे.

पण ताईंचा खरा पराक्रम वेगळाच होता. तो अर्जावर कुठं लिहिलेला नव्हता.

कचेरी वर्षातून एकच महिना तपासायची. प्रत्येक कार्डाचा तपासणीचा महिना ठरलेला असे, आणि त्या महिन्यातली मिळकत मर्यादेच्या आत असली की वर्षभराची काळजी मिटली. आता लॉन्ड्रीतल्या बायकांचं काम असं, की महिन्याला चार-पाच डबल ड्युट्या मारल्याशिवाय भागायचं नाही, आणि तपासणीच्या महिन्यात त्या मारल्या की कार्ड जायचं. मर्यादा अशी काही आखलेली होती, की धड कामावर जगता येऊ नये आणि धड धान्यावरही. एका वर्षी इस्त्रीवालीसारखीच एक बाई दोन डबलच्या पायी कार्ड घालवून बसली आणि खिडकीसमोर ढसाढसा रडली. त्या दिवशी ताईंनी एका रद्द अर्जाच्या पाठीवर रेघा मारून तक्ता काढला. लॉन्ड्रीत बायका चाळीस. ज्या बाईचा तपासणीचा महिना असेल, तिनं त्या महिन्यात एकही डबल घ्यायची नाही. तिच्या डबल दुसऱ्या दोघींनी करायच्या. पुढच्या महिन्यात तिनं त्यांची परतफेड करायची. हॉस्पिटलला चादरी वेळेवर मिळाल्या, लॉन्ड्रीच्या मुकादमाला माणसं कमी पडली नाहीत, आणि कुणाचं कार्डही गेलं नाही. बायका त्याला 'ताईंची पद्धत' म्हणायच्या. नवी कुणी कामाला लागली की चादरी इस्त्री करायचा रोलर कसा चालवायचा ते नंतर शिकवायच्या, ताईंची पद्धत आधी.

इस्त्रीवालीचा तपासणीचा महिना होऊन गेला होता. नेहमीप्रमाणे त्या महिन्यात तिनं एकही डबल घेतली नाही, घरात तेल पुरवून पुरवून वापरलं, आणि पुढच्या महिन्यात आठ डबल मारून सगळ्यांचं देणं फेडलं. दोन्ही हातांवर रोलरच्या चटक्यांचे वळ उठले होते. ते मिरवतच ती आली होती.

"दे सही करून," ताई म्हणाल्या. "दहाची पाळी ना तुझी? पळ मग."

तिनं सही केली. ताईंनी तिचा कार्ड नंबर टाकला आणि बटण दाबलं. मशीननं जरा वेळ विचार केला, आणि पडद्यावर एक लाल ओळ आली. अपात्र.

ताईंना वाटलं, नंबर चुकला. त्यांनी पुन्हा टाकला, एकेक आकडा बोटानं मोजत. पुन्हा तेच. खाली बारीक अक्षरात कारण होतं: गेल्या बारा महिन्यांतील सर्वाधिक मासिक मिळकत मर्यादेपेक्षा जास्त. आणि त्यापुढे तो महिना. आठ डबलचा.

"काय झालं ताई?"

ताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. पण तोंडानं भलतंच बोलून गेल्या.

"काही नाही गं. मशीन अडकलंय. नवीन आहे ना. तू जा, मी बघते."

"बघा हं. तुम्ही आहात म्हणून घोर नाही," असं म्हणून इस्त्रीवाली पळत गेली.

त्या दिवशी लॉन्ड्रीतल्या आणखी पाच जणी आल्या. पाचही लाल. दोन नंबरच्या खिडकीत मात्र सगळं हिरवंगार चाललं होतं. तिथं येणारी माणसं कुणाचा सल्ला घेणारी नव्हती. बारा महिने सारखं काम, सारखा पगार, कुठला महिना कोरडा नाही की कुठला भरलेला नाही. ज्यांनी ताईंचं ऐकलं होतं, त्यांचाच एक महिना फुगलेला होता. वेचून काढल्यासारख्या त्याच बायका बाहेर पडत होत्या.

जेवणाच्या सुट्टीत ताई साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बोलायला मऊ. तेच तर अवघड होतं. आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

"साहेब, हे सर्वाधिक महिन्याचं काय आहे?"

"नवा नियम बाई. परिपत्रक आलंय ना. वाचलं नाहीत?"

"एक पान वाचलं. परिपत्रक तीस पानांचं आहे."

"मग बरोबर," साहेब हसले. "अर्ज सोपा करायचा तर कुठंतरी पानं जाणारच."

"पण सगळ्यात मोठा महिना का धरायचा? सरासरी काढा की बारा महिन्यांची. माणूस काय एकाच महिन्यात जेवतो?"

"वरच्यांचं म्हणणं असं, की चांगल्या महिन्यात जेवढं मिळवता येतं ती कुटुंबाची खरी क्षमता. शिवाय सरासरी म्हटली की वजावटी आल्या, भाडं आलं, औषधं आली. मग झालीच परत चौदा पानं. त्याऐवजी मर्यादाच थोडी वर नेलीय." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "आणि बाई, खरं सांगायचं तर हे तुमच्याच सूचनेवरून आहे. बैठकीचा अहवाल आहे माझ्याकडे. 'तपासणीचा महिना काढून टाकावा, आकडा थेट मालकाकडून घ्यावा.' तुमचं नाव आहे खाली. टाळ्यासुद्धा पडल्या होत्या ना तुम्हाला?"

पडल्या होत्या. ताईंना त्या बैठकीला न्यायला गाडी आली होती, समोर पाण्याची बाटली ठेवली होती, आणि एका मोठ्या बाईंनी 'तुमचा अनुभव आम्हाला फार मोलाचा आहे' असं म्हटलं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी काही विचारलं, म्हणून ताई घडाघडा बोलल्या. बायका तपासणीच्या महिन्यात कामं सोडतात, घरी चूल मंदावते, हे थांबवा म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्या काय करतात ते मात्र बोलल्या नाहीत. ते सांगायचं म्हणजे तक्ता सांगावा लागला असता. शहाणपणा करून झाकून ठेवलं, आणि नेमकं तेच गळ्याशी आलं.

"अपील करता येईल?"

"मालकानं आकडा चुकीचा कळवला असेल तर करता येईल. चुकीचा आहे का?"

"नाही."

"मग कसं करणार?"

संध्याकाळी घरी ताईंचे यजमान गुडघ्याला मलम चोळत बसले होते. जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त करून त्यांचे गुडघे गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती.

"काय, कमिटीच्या मेंबर? आज चेहरा का असा?"

ताईंनी सगळं सांगितलं. एरवी ते मध्येमध्ये टोमणे मारायचे, आज मारले नाहीत.

"अहो, मी लिहून देते," ताई शेवटी म्हणाल्या. "पद्धत माझी होती, बायकांना मी सांगितली, तो एक महिना म्हणजे दोन महिन्यांचं काम आहे, असं स्वच्छ लिहून देते. धरू देत मला काय धरायचंय ते."

"चौदा महिने राहिलेत तुझे निवृत्तीला."

"माहितीये."

"पेन्शन अडकवतील."

"अडकवू देत. त्या पोरीच्या घरात पाच माणसं आहेत. नवऱ्याला गाडी आली तर मजुरी, नाही तर दिवसभर गोदामाच्या दारात बसणं. कार्डावरचं दूध बंद झालं तर धाकटा काय पिणार?"

त्यांनी मलमाच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "लिही. मी अजून एखादा पंप उघडू शकतो."

ताईंनी लिहिलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज भरणाऱ्या बाईला स्वतःचं एक पत्र लिहायला दोन तास लागले. सकाळी ते त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी एकदा वाचलं, उठून दार लावलं, आणि पुन्हा वाचलं.

"बाई, हे काय करताय तुम्ही?"

"खरं काय ते सांगतेय."

"तुमचं सोडा. तुमची चौकशी होईल, होऊन जाईल. या बायकांचं काय?" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही लिहिलंय की गेली नऊ वर्षं चाळीस बायका तपासणीच्या महिन्यात मुद्दाम मिळकत कमी दाखवत होत्या."

"दाखवत नव्हत्या. खरोखरच कमी मिळवत होत्या. राबल्या नाहीत तर मिळणार कुठून?"

"ते तुम्ही मला सांगताय. वर त्याला लबाडी म्हणतात. नऊ वर्षांच्या धान्याची वसुली लागेल प्रत्येकीला, आणि पगारातून कापतील. एकीचं कार्ड वाचवायला चाळिसांच्या गळ्याला फास लावणार?"

ताई उभ्याच होत्या. खुर्चीची पाठ धरून.

साहेबांनी पत्राची घडी घातली आणि ते परत पुढे केलं. "मी हे वाचलेलं नाही. तुम्ही दिलेलंही नाही. जा बाई, खिडकी उघडा, नऊ वाजले."

तो माणूस उपकार करत होता, हे ताईंना कळत होतं. म्हणून तर त्याचा एवढा राग आला. सव्वीस वर्षांत नियमांनी त्यांना कितीदा रडवलं होतं, पण गुन्हा कबूल करायचीही सोय नाही, असं कधी झालं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि दुपारी हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला लॉन्ड्रीत गेल्या. एवढी वर्षं बायका त्यांच्या खिडकीपाशी आल्या, पण त्या स्वतः इथं कधी आल्या नव्हत्या. आत पाऊल टाकताच वाफेनं चष्मा धुरकटला. दोघी ओल्या चादरीची टोकं रोलरमध्ये घालत होत्या, पलीकडे दोघी ती कडकडीत चादर ओढून घेऊन घडी घालत होत्या. इस्त्रीवाली पलीकडच्या बाजूला होती. हात इतके झरझर चालत होते, की ताईंनी क्षणभर हाकच मारली नाही.

तिनंच पाहिलं. "अगंबाई, ताई! इथं कशा? मशीन सुधारलं का?"

आजूबाजूच्या बायकाही हसत पुढे आल्या. कुणी स्टूल पुसून दिलं, कुणी पाणी आणलं. ताईंनी पेला तसाच खाली ठेवला.

"मशीन बिघडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. तुझं कार्ड गेलं. अजून पाच जणींचं गेलंय, आणि बाकीच्यांचंही जाईल असं वाटतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोप्या भाषेत, जसं खिडकीतून समजावून सांगायच्या तसंच. आता सगळ्यात मोठा महिना धरतात. एक वर्ष कार्ड मिळणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज.

रोलर चालूच होता. मधे कुणीतरी जाऊन बंद केला.

"माझा कुठला महिना धरला?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"आठ डबलचा."

"पण त्याच्या आधीच्या महिन्यात तर मी एकपण नव्हती केली."

"तो नाही धरत."

"कितीनं गेलं?"

"दीड दिवसाच्या मजुरीनं."

तिनं मान हलवली. बोटांवर काहीतरी मोजलं, सोडून दिलं. "म्हणजे सहाच केल्या असत्या तर..."

"तर राहिलं असतं."

"त्या आठ तुम्ही सांगितल्या होत्या, ताई." आवाजात आरोप नव्हता. ती फक्त नीट समजून घेत होती. "मी म्हटलेलं, दोन पुढे ढकलू का, हाताला लागलंय. तुम्ही म्हणालात, पुढच्या महिन्यात दुसरीचा नंबर आहे, तक्ता बिघडेल. आत्ताच फेडून टाक."

"हो," ताई म्हणाल्या. "म्हणाले होते."

ओरडली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तरी ताईंना बरं वाटलं असतं. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, की मी पत्र लिहिलं होतं, पेन्शनवर पाणी सोडायला निघाले होते. पण ते सांगणं म्हणजे तिच्यासमोर आपलीच बाजू मांडणं. त्यांनी तोंड मिटलं.

"थोरलीचं शाळेतलं जेवण?" इस्त्रीवालीनं विचारलं. "तेपण कार्डावरच आहे ना?"

"तेही."

"बरं," ती म्हणाली. "बरं." मग मुकादमाची चाहूल लागली, कुणीतरी रोलर चालू केला, आणि ती आपल्या जागेवर जाऊन चादरीची वाट बघत उभी राहिली.

कार्ड रद्द झालं की ते स्वतः येऊन कचेरीत जमा करायचं आणि वहीत सही करायची, असा नियम होता. तो कुणी सोपा केला नव्हता. पुढच्या सोमवारी लॉन्ड्रीतल्या बायका यायला लागल्या. ताईंनी खिडकी उघडली, वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं. समोर कुणी नव्हतं. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले, तरी तीन नंबरच्या काचेपुढे चिटपाखरू नाही. दोन नंबरची रांग मात्र पार जिन्यात गेली होती. इतकी माणसं आपल्या वाट्याला कशी आली, ते दोन नंबरवाल्या गृहस्थांना कळेना. 'जमा. सही. पुढची,' एवढं म्हणत ते वही फिरवत होते.

रांगेत अकरावी होती इस्त्रीवाली. कार्ड हातात, पदराखाली झाकून.

ताईंनी घड्याळ पाहिलं. दहाच्या पाळीला पोचली नाही तर तिचा अर्धा रोज कापला जाणार होता. त्यांनी काचेच्या खाचेतून वाकून हाक मारली.

"अगं, इकडे ये ना. इथं कुणीच नाही. एका मिनिटात करते. पाळी चुकेल तुझी."

रांगेतल्या बायकांच्या माना वळल्या. इस्त्रीवालीनं ताईंकडे पाहिलं. एखाद्या आजारी नातेवाइकाकडे बघावं, तसं सांभाळून पाहिलं.

"असू द्या ताई," ती म्हणाली. "थांबते मी."

रांग एक पाऊल पुढे सरकली. तीही सरकली.